एमएचटी-सीईटी नव्हे: बी.आर्क. प्रवेशाची एक खेप, अकरावीपासून पहिल्या शीटपर्यंत

एमएचटी-सीईटी देऊन आर्किटेक्चरला प्रवेश मिळत नाही. सायन्सच्या वर्गात हे फारसं कुणाला माहीत नसतं, कारण सगळा वर्ग इंजिनीअरिंग नाहीतर मेडिकलच्या मागे असतो आणि कॉलेजातल्या सूचनाही त्यांच्याच असतात. भाच्याची खेप जून २०२३ च्या अकरावीपासून सुरू झाली आणि २०२५ च्या पावसाळ्यात प्रवेश पक्का होऊन संपली. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करतो, त्यामुळे धंदा आतून माहीत होता. प्रवेशाचं काही माहीत नव्हतं. जे कळलं ते तारखा आणि पैशांसकट लिहून ठेवतो. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून आकडे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पडताळून घ्या.

आधी पदवी कोणती, हे. शेजारीपाजारी चार सल्ले मिळतात: सिव्हिल कर, इंटिरिअरचा डिप्लोमा कर, बी.प्लॅन. कर, सगळं एकच आहे. एकच नाही. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बांधलेला आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय तो नावापुढे लावता येत नाही, आणि बारावीनंतर तिथे पोचायचा सरळ रस्ता म्हणजे मान्यताप्राप्त कॉलेजातली पाच वर्षांची बी.आर्क. मी वीस वर्षं नकाशे काढतोय, पण त्यावर सही माझी चालत नाही. सिव्हिलवाला इमारत उभी कशी राहील ते बघतो. इमारत कशी असावी, आत माणूस कसा वावरेल, उजेड कुठून येईल, हे आर्किटेक्टचं काम. इंटिरिअरच्या पदव्या चांगल्या असतील, पण त्यांवर ही नोंदणी होत नाही. बी.प्लॅन. म्हणजे नगररचना, तो वेगळाच विषय. मुलाला नेमकं काय आवडतं हे ठरत नसेल तर ओळखीच्या एखाद्या ऑफिसात आठवडाभर नुसतं बसू द्या. टॉयलेटच्या डिटेलवर अर्धा दिवस घालवणारी माणसं बघूनही त्याला कंटाळा आला नाही, तर पुढे बोलू.

अकरावीत एकच गोष्ट चुकवायची नाही: फिजिक्स आणि मॅथ्स. २०२५ च्या अटीप्रमाणे हे दोन सक्तीचे. तिसरा विषय केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, इंजिनीअरिंग ग्राफिक्स अशांपैकी कोणताही चालतो, आणि एकूण किमान ४५ टक्के लागतात. पूर्वी केमिस्ट्री सक्तीची होती आणि पन्नास टक्क्यांची अट होती, त्यामुळे जुन्या ओळखीचे लोक अजून तेच सांगतात. मेडिकलचं मनात ठेवून मॅथ्स सोडलेली मुलं नंतर आर्किटेक्चरकडे वळायला बघतात तेव्हा इथेच अडकतात. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांनाही रस्ता आहे, डिप्लोमात गणित असलं पाहिजे. पण इंजिनीअरिंगसारखं थेट दुसऱ्या वर्षाला बसता येत नाही. तीन वर्षं डिप्लोमा, मग बी.आर्क. पहिल्या वर्षापासून. हा हिशोब घरात आधी करा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या ग्रेडचा प्रवेशाच्या गुणांत काही उपयोग नाही. हात वळलेला असतो, एवढाच फायदा, आणि तो कमी नाही.

आता मुख्य गोंधळ. या प्रवेशाला तीन मालक आहेत आणि तिघांची आपसांत बोलचाल नाही. एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था जेईई मेन घेते, त्यातला पेपर २ए बी.आर्क.चा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर नाटा ही आर्किटेक्चरची वेगळी प्रवेश परीक्षा घेते. आणि महाराष्ट्रातली कॅप म्हणजे जागावाटप राज्याचा सीईटी सेल करतो. तीन संकेतस्थळं, तीन लॉगिन, तीन पासवर्ड, तीन वेळा फोटो-सहीच्या वेगवेगळ्या आकाराच्या फायली. आम्ही सुरुवातीलाच एक वही केली: डाव्या पानावर तारखा, उजव्या पानावर अर्ज क्रमांक, पासवर्ड आणि भरलेले पैसे. मोबाइल नंबर आणि ईमेल तिन्हीकडे एकच द्या, आणि तो रोज उघडणाऱ्या माणसाचा द्या. पुढे ओटीपी त्याच्यावरच येतात. सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर अर्ज भरणारी मुलं आम्ही बघितली, त्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

पहिली खिडकी बारावीच्या दिवाळीतच उघडते. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे अर्ज २८ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर २०२४ असे होते. नुसत्या पेपर २ए ची फी खुल्या प्रवर्गातल्या मुलाला १,००० रुपये, मुलींना ८००. इंजिनीअरिंगचा पेपर १ पण द्यायचा असेल तर दोन्ही मिळून २,००० आणि १,६००. अर्जात पेपर निवडताना २ए वर टिक करायची राहिली की सगळं फुकट. तिथे आधीपासून पेपर १ ची सवय लागलेली असते, म्हणून ही चूक फार होते.

हा पेपर एनआयटी आणि एसपीएसाठी लागतो. एसपीए म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अशा तीन: दिल्ली, भोपाळ, विजयवाडा. आपल्याकडे नागपूरच्या व्हीएनआयटीत बी.आर्क. आहे आणि तिथे याच गुणांवर ‘जोसा’तून, म्हणजे केंद्राच्या जागावाटपातून प्रवेश. आयआयटीत आर्किटेक्चर हवं असेल तर रस्ता आणखी लांब: जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास व्हायची, मग एएटी नावाची वेगळी चित्रकलेची परीक्षा, तीही निकालानंतर दोन-तीन दिवसांत. एएटीची वेगळी रँक नसते, नुसतं पास-नापास.

परीक्षा ३० जानेवारी २०२५ ला झाली, आणि नेमक्या त्याच दिवसांत बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. प्रवेशपत्र हातात आलं की लगेच कॉलेजात जाऊन प्रॅक्टिकलची बॅच बदलून घ्या. आदल्या दिवशी गेलात तर शिक्षक काही करू शकत नाहीत.

पेपर ४०० गुणांचा, तीन तासांचा. गणिताचे २५ प्रश्न, १०० गुण. अ‍ॅप्टिट्यूडचे ५०, गुण २००. हे दोन्ही संगणकावर, चुकलं की एक गुण वजा. आणि चित्रकलेचे दोन प्रश्न प्रत्येकी ५० गुणांचे, कागदावर. तिन्हीला मिळून वेळ एकच, वाटणी आपली आपण करायची. इथे मुलं मार खातात: गणितात अडकतात आणि चित्राला वीस मिनिटं उरतात. साधं गणित करा. अ‍ॅप्टिट्यूडचे दोनशे गुण सर्वांत स्वस्त आहेत, पाऊण तासात उरकतात. चित्रांना तासभर तरी ठेवा. उरलेला वेळ गणिताला. जलरंग चालत नाहीत. रंगीत पेन्सिली किंवा खडू, आणि तेही आपले आपण न्यायचे.

बोर्डाचा अभ्यास याच्या मध्ये येतो आणि घरात वाटतं की आता बाकी सगळं बाजूला ठेवावं. बरोबर वाटतं. महाराष्ट्राच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण निम्मे आणि नाटा किंवा जेईई पेपर २ निम्मे. उदाहरण मांडून बघा. बारावीला ६०० पैकी ४६८ म्हणजे ७८ टक्के, त्याचे निम्मे ३९. नाटाला २०० पैकी १२४ म्हणजे ६२ टक्के, निम्मे ३१. बेरीज ७०. आता नाटाचे १० गुण वाढले तर बेरीज अडीचने वाढते. बारावीत तेवढंच वाढवायला ३० गुण लागतात. म्हणून बोर्ड संपलं की नाटा मनावर घ्यायची, आणि बोर्डाच्या आधी बोर्डच. चित्रकलेच्या क्लासपायी बारावीची प्रिलिम बुडवणं हा घाट्याचा सौदा आहे.

क्लासबद्दल. आम्हाला सांगितलेले आकडे पंचवीस हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत होते. आम्ही एप्रिलचा एकच महिन्याचा क्रॅश कोर्स घेतला, तोही मुख्यतः वेळ लावून चित्रं काढायची सवय व्हावी म्हणून. क्लासमध्ये नेमकं विकत मिळतं ते एवढंच: कुणीतरी तुमचं चित्र तपासणारं. घरी किंवा गावात असा माणूस असेल, शाळेतले चित्रकलेचे सर का असेनात, तर पैसे वाचवा.

नाटा २०२५ साली मार्चपासून शुक्रवार-शनिवारी होत होती आणि एका उमेदवाराला तीन खेपा घेता येत होत्या, त्यांतली सर्वांत चांगली धरतात. प्रत्येक खेपेचे पैसे वेगळे: खुल्या प्रवर्गातल्या मुलाला १,७५०. तीनही खेपांचे पैसे एकदम भरू नका. एक द्या, गुण बघा, मग ठरवा. पहिली खेप बोर्ड संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी, दुसरी मेमध्ये. तिसरी ठेवणीतली. केंद्र निवडताना घरापासूनचं अंतर नव्हे, पोचायची वेळ बघा. शनिवारी सकाळच्या सत्राला साताऱ्याहून पुण्याला निघायचं तर पहाटे चारला उठावं लागतं आणि मग चित्र काढायला हात चालत नाही. शुक्रवारी दुपारचं सत्र घ्या, किंवा आदल्या रात्री मुक्कामाला जा.

परीक्षेचे दोन भाग. पहिला दीड तासाचा, ८० गुणांचा, कागदावर: रंगसंगती आणि रचना २५, काळं-पांढरं रेखाटन २५ आणि त्रिमितीय रचना ३०. दुसरा दीड तास संगणकावर, १२० गुणांचा, ५० प्रश्न, प्रत्येकाला १०८ सेकंद. हा भाग तुमच्या उत्तरांप्रमाणे अवघड-सोपा होत जातो. झालेल्या प्रश्नाकडे मागे फिरता येत नाही. उणे गुण नाहीत, त्यामुळे काहीतरी टिक करून पुढे व्हायचं.

रेखाटनात पोरं कुठे चुकतात ते सांगतो, कारण हे मला कळतं. एसटी स्टँडचं दृश्य काढा म्हटलं की मुलं लांबची माणसं लहान काढतात आणि वर नेऊन ठेवतात. ती हवेत तरंगतात. तुम्ही उभं राहून बघत असाल आणि जमीन सपाट असेल, तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेच्या आसपासच येतात. पाय फक्त खाली-वर होतात. आधी ती आडवी रेघ हलक्या एचबीने मारायची, सगळी डोकी तिच्यावर टांगायची, मग खाली शरीरं काढायची. एवढ्याने चित्र अर्धं सुधारतं. दुसरी चूक सावलीची: बसची सावली डावीकडे आणि झाडाची उजवीकडे. कागदाच्या कोपऱ्यात सूर्याचा एक ठिपका द्या आणि शेवटी खोडून टाका. तिसरी चूक म्हणजे सहा-बी पेन्सिल पहिल्याच पाच मिनिटांत बाहेर काढणं. मग तळहाताने सगळा कागद काळा होतो. दोन-बीने रेखाटन, चार-बीने छटा, सहा-बी अगदी शेवटी चार ठिकाणी. हाताखाली कोरा कागद ठेवायचा.

त्रिमितीय रचनेचं साहित्य तिथेच मिळतं. त्याची तयारी घरी फुकटात होते. आम्ही रिकाम्या काडेपेट्या, एक पोस्टकार्ड, दोरा आणि तीन स्ट्रॉ असे तुकडे समोर ठेवायचो आणि विषय द्यायचा: ‘वाट’, ‘तोल’, ‘पावसाची चाहूल’. पंचवीस मिनिटं. पहिले चार दिवस प्रत्येक रचना समोरून छान आणि बाजूने बघितली की सपाट, भिंतीवर लावलेल्या चित्रासारखी. हे टाळायला टेबल फिरवत काम करायचं, म्हणजे दर पाच मिनिटांनी रचना पाव फेरी फिरवायची. उंच काही उभं करायचं असेल तर पाया आधी. आणि गोंद नखाएवढा. जास्त लावला की सुकत नाही आणि पर्यवेक्षक उचलायला आले की सगळं घसरतं. कागद कापायच्या ऐवजी घडी घालून खाच पाडली तर गोंदच लागत नाही, ते सर्वांत भक्कम.

संगणकाच्या भागात इमारती आणि आर्किटेक्ट विचारतात. पाठांतर न करता जवळचं बघत गेलं की पुरतं. सीएसएमटी स्टीव्हन्सचं, गेटवे ऑफ इंडिया विटेटचं, पणजीची कला अकादमी आणि मुंबईचं कांचनजंगा चार्ल्स कोरियांचं, चंदीगड कार्बूझिएचं. बाळकृष्ण दोशी पुण्याचे आणि २०१८ चं प्रिट्झकर त्यांना मिळालं, हे पुण्यातल्याच मुलांना माहीत नसतं.

५ मे २०२५ ला बारावीचा निकाल लागला. इथून कागदांचा खेळ सुरू होतो, आणि सगळ्या प्रवासात जीव टांगणीला लागला तो इथेच. चित्रकलेत कमी गुण पडले तर खालचं कॉलेज मिळतं. कागद कमी पडला तर प्रवर्गच जातो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, नाटाचं किंवा जेईईचं गुणपत्रक हे सगळ्यांना. राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ओबीसींना नॉन-क्रीमीलेअर. यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष जिथे संपतं त्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. आमच्याकडे आधीचा दाखला होता, मोठ्या विश्वासाने फाइलला लावला होता, आणि त्याची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपून गेलेली. नवीन काढायला महा ई-सेवा केंद्रातून अर्ज केला, तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडला, आणि मग अठरा दिवस ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच दिसत राहिलं. दर दोन दिवसांनी चक्कर मारली तेव्हा कळलं की एका वर्षाच्या उत्पन्नाचा आकडा एका ठिकाणी वेगळा टाइप झाला होता आणि अर्ज तिथेच पडून होता. ऑनलाइन काही दिसत नाही. प्रत्यक्ष जाऊन विचारावंच लागतं. हे काम एप्रिलमध्येच करा, १ एप्रिलनंतर लगेच, निकालाची वाट बघू नका.

आणखी एक मेख. जोसाला लागणारा ओबीसीचा दाखला वेगळा, केंद्र सरकारच्या नमुन्यातला. तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. राज्याचा तिथे चालत नाही आणि केंद्राचा इथे चालत नाही. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका.

जात वैधता नसेल तर अर्ज केल्याची पावती नोंदणीच्या वेळी चालते असं दरवर्षी असतं, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावंच लागतं. नाही दिलं तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो आणि मिळालेली जागा हातची जाते. वैधतेला महिने लागतात. अकरावीत असतानाच अर्ज करून टाका.

कॅपची नोंदणी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर, फी हजाराच्या आसपास. कागदपत्रं तपासायला दोन पर्याय: घरी बसून ई-स्क्रुटिनी किंवा सुविधा केंद्रात प्रत्यक्ष. आमचं मत प्रत्यक्ष जाण्याचं. ई-स्क्रुटिनीत एखादी फाइल धूसर निघाली की अर्ज परत येतो आणि तो परत आलाय हे दोन दिवसांनी कळतं. केंद्रात समोरचा माणूस लगेच सांगतो. तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा आपलं नाव, गुण, प्रवर्ग, अधिवास हे सगळं एकेक करून वाचा. हरकतीला जेमतेम तीन-एक दिवस मिळतात. अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

मग पसंतीक्रम. इथे लोक कट-ऑफ बघून यादी लावतात: ‘हे काही आपल्याला मिळायचं नाही, खाली टाक.’ चूक. जागावाटप वरून खाली येतं. वरच्या ठिकाणी नाही बसलं की पुढच्याला बघतात. न मिळणारं कॉलेज वर ठेवल्याने खालचं हुकत नाही. यादी मनातल्या क्रमानेच लावायची. आणि जिथे जायचंच नाही ते मुळात टाकायचं नाही.

मनातला क्रम ठरवायला कॉलेजं पायाने बघा. संकेतस्थळावरचे फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. आधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची मान्यता आणि मंजूर जागा बघा, कारण मान्यता वर्षावर्षाला असते. मग दुपारी चारनंतर कॉलेजात जा. त्या वेळी स्टुडिओत मुलं आहेत की कुलूप आहे? प्रत्येकाला टेबल आहे की मांडीवर बोर्ड? मॉडेलची कार्यशाळा असेल तर तिथे लाकडाचा भुसा पडलाय की यंत्रांवर धूळ? शेवटच्या वर्षाच्या शीट भिंतीवर लावलेल्या असतील तर दहा मिनिटं उभं राहून वाचा: सगळ्यांचं काम एकाच छापाचं असेल तर तिथे शिक्षक एकच चित्र शिकवतात. ग्रंथालयात पुस्तकं कपाटात बंद आहेत का तेही बघा. आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला चहा पाजा. डिझाइन शिकवायला येणारे व्हिजिटिंग शिक्षक स्वतः प्रॅक्टिस करणारे आहेत का, ज्युरीला म्हणजे मुलांचं काम तपासायला बाहेरचे येतात का, एवढं विचारलं तरी पुरे.

नावं घ्यायची तर मुंबईत जे.जे., रचना संसदची अकॅडमी, कमला रहेजा, एल. एस. रहेजा, पुण्यात कर्वे संस्थेचं भानुबेन नानावटी, ते फक्त मुलींसाठी. जे.जे. २०२३ साली अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे त्यांच्या प्रवेशाच्या सूचना त्यांच्याच संकेतस्थळावर स्वतंत्र बघत राहायच्या. गोव्यातल्या मुलांना पणजीला आल्तिनोवरचं गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे, त्याचा प्रवेश गोव्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून.

पहिल्या फेरीत आमचं चौथ्या पसंतीचं आलं. पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते आपोआप पक्कं होतं. खालचं मिळालं तर १,००० रुपये भरून जागा धरायची आणि ‘बेटरमेंट’ निवडून पुढच्या फेरीची वाट बघायची. वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं, परत मागता येत नाही. म्हणून बेटरमेंट निवडताना वरच्या तिन्ही ठिकाणी खरंच जायचंय का, हे घरात पुन्हा एकदा बोला. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या पसंतीचं मिळालं आणि तिथे थांबलो.

फी. राज्यात सरकारी जागा अगदी थोड्या. खासगीत आम्ही वर्षाला सव्वा लाखापासून अडीच लाखांपर्यंतचे आकडे पाहिले. शुल्क नियामक प्राधिकरण दर कॉलेजाची फी ठरवून देतं, ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्याहून जास्त ‘डेव्हलपमेंट’ वगैरे मागितलं तर पावती मागा. शिष्यवृत्ती आणि फी सवलत महाडीबीटीवर भरायची, आणि ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर पाचही वर्षं पूर्ण फी. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश घेताना कॉलेजने पूर्ण फी मागितली तर त्या निर्णयाची प्रत खिशात असू द्या.

फीच्या पलीकडचा खर्च कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअरची जोडी, स्केल, कटर, कटिंग मॅट, कार्ट्रिज शीट, गेटवे ट्रेसिंग पेपर, सनबोर्ड, माउंटबोर्ड मिळून आठ-दहा हजार सहज. सगळं नवं घेऊ नका. पाचव्या वर्षाची मुलं बोर्ड आणि टी-स्क्वेअर निम्म्या भावात विकून जातात. लॅपटॉपची घाई तर मुळीच नको. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी हातानेच काढायचं असतं. दुसऱ्या वर्षी घ्या, सोळा जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. ऑटोकॅड, रेव्हिट विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क फुकट देते, दरवर्षी नूतनीकरण करायचं. पायरेटेड टाकून लॅपटॉप बिघडवू नका. पुढे ए-वन आकाराच्या प्रिंटांचा आणि मॉडेलचा खर्च सुरू होतो तो शेवटपर्यंत.

पाच वर्षांत एक सत्र प्रत्यक्ष ऑफिसात काढावं लागतं. तिथे स्टायपेंड किती मिळतो आणि पास झाल्यावर पहिला पगार किती असतो, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. आकडा ऐकून सगळे गप्प होतात, मग बोलायला वेळ मिळतो. डिझाइन विषयात नापास झालं की गोष्ट साधी राहत नाही, रात्रभर जागून ते भरून निघत नाही. त्यामुळे पहिल्या सत्रापासून क्रिटला, म्हणजे शिक्षकांकडून काम तपासून घ्यायला जायचं, अर्धवट काम असलं तरी. कोरा कागद घेऊन गेलेल्या मुलाला बोलणी बसतात. न गेलेल्याला काहीच मिळत नाही.

पहिल्या आठवड्याचं काम रेघांचं होतं: कार्ट्रिजवर दोन-एच, एच, एचबी अशा पेन्सिलींनी आडव्या, उभ्या, तिरक्या रेघा, पाच मिलिमीटरच्या अंतराने, चार तास. ते दिसतं तेवढं सोपं नाही. टी-स्क्वेअर ढकलत नेला की खालच्या रेघांचं शिसं पुसलं जातं आणि शीट राखाडी होते. तो जरा उचलून न्यायचा. सेट-स्क्वेअर दर दोन दिवसांनी साबणाने धुवायचे. पेन्सिल रेघ मारता मारता बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघ शेवटाला जाड होत नाही. पहिली शीट भाच्याने दोनदा काढली. पहिल्या वेळी रेघा चांगल्या आल्या होत्या, पण काढून झाल्यावर मास्किंग टेप आतल्या बाजूला ओढली आणि कोपऱ्यावरचा कागद सोलून आला. टेप शीटपासून बाहेरच्या दिशेला ओढायची, सावकाश, कागदाला जवळजवळ चिकटवून.